फ्रेंच, पीआर आणि चारही सात

मागच्या अंकात कॅनडाच्या पीआरबद्दल (कायमस्वरूपी वास्तव्याबद्दल) लिहिताना ‘जमलं तर फ्रेंच शिका’ असं एक वाक्य मी जाता जाता टाकलं होतं. आलेल्या पत्रांवरून वाटतंय, बाकीचा लेख कुणी वाचलाच नाही! हरकत नाही. मी ओटावात राहते, ऑनलाइन फ्रेंच शिकवते, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना फ्रेंच हवी असते ती पीआरसाठीच. परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार मी नाही. नियम जसे आहेत तसे सांगते. भाषेच्या बाबतीत मात्र माझी मतं ठाम आहेत.

प्रश्न : वय ३४, एम.टेक., आठ वर्षांचा अनुभव, आयईएल्टीएसमध्ये सीएलबी ९. बायकोचं पदवीचं शिक्षण आणि तिची इंग्रजी सीएलबी ७ धरून माझा सीआरएस ४३७ होतो. गेली दोन वर्षं प्रोफाइल नुसतं पडून आहे. फ्रेंचने खरंच फरक पडतो, की ही क्लासवाल्यांची जाहिरातबाजी आहे?

जाहिरातबाजी आहेच, पण पोकळ नाही. आधी शब्द समजून घेऊ : कुशल लोकांचे पीआरचे अर्ज जिथून जातात ती एक्सप्रेस एन्ट्री, तिथले क्रमवारीचे गुण म्हणजे सीआरएस, आणि भाषेची पातळी इंग्रजीत सीएलबीने, फ्रेंचमध्ये एनसीएलसीने मोजतात. आता गुण पाहू.

फ्रेंचमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही कौशल्यांत एनसीएलसी ७ मिळालं, की दुसऱ्या अधिकृत भाषेचे प्रत्येकी ३ याप्रमाणे १२ गुण मिळतात. शिवाय तुमची इंग्रजी चांगली असल्यामुळे ५० जादा. एकूण ६२. म्हणजे ४३७ चे ४९९ झाले. हे ५० पूर्वी ३० होते, ऑक्टोबर २०२० मध्ये वाढवले.

पण खरी गंमत पुढे आहे. एक्सप्रेस एन्ट्रीत २०२३ पासून गटवार ड्रॉ, म्हणजे ठरावीक गटातल्या जास्त गुणवाल्यांना आमंत्रणं देण्याच्या फेऱ्या, निघायला लागले आणि त्यात एक गट निव्वळ फ्रेंच येणाऱ्यांचा आहे. तुम्ही कोणत्या व्यवसायात आहात याच्याशी त्या गटाला देणंघेणं नाही. चारही सात असले की तुम्ही त्यात. २१ मार्च २०२५ च्या फ्रेंच ड्रॉमध्ये ७,५०० जणांना आमंत्रण मिळालं आणि कटऑफ होता ३७९. त्याआधी २९ फेब्रुवारी २०२४ ला तो ३३६ पर्यंत उतरला होता. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये एकदा ४८१ वर चढला. याच २०२५ सालात कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासचे कटऑफ ५१० च्या वर होते. आणि तुम्ही कॅनडात काम केलेलं नसल्यामुळे त्या रांगेत तुम्हाला उभंही राहता येत नाही. सगळ्यांसाठी खुला असलेला ड्रॉ त्या वर्षी निघालाच नाही. तुमचं प्रोफाइल का पडून आहे, ते आता लक्षात आलं असेल.

म्हणजे ४९९ हा आकडा तुम्हाला फ्रेंच रांगेत पुढच्या टोकाला नेऊन ठेवतो. ४८१ चा ड्रॉ असता तरी तुम्ही आत होतात.

आता वयाचा हिशेब. तुमच्यासारख्या विवाहित अर्जदाराला ३४ व्या वर्षी वयाचे ७५ गुण आहेत, ३६ व्या वर्षी ६५. दोन वर्षं शिकण्यात गेली तर ६२ कमवून १० घालवाल, तरीही ४८९ राहतील. सौदा फायद्याचाच आहे. चाळिशीनंतर मात्र चव्वेचाळिसाव्यापर्यंत दर वाढदिवसाला १० गुण गळतात. म्हणून ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्या चाळिशीतल्यांना मी आधी हा तक्ता दाखवते.

एक अट मात्र भिंतीवर लिहून ठेवा. चारही म्हणजे चारही. तिन्हींत सात आणि लेखनात सहा आले, तर ६२ ऐवजी जेमतेम १० गुण मिळतात आणि फ्रेंच गटातूनही बाहेर. इथे सरासरी काढत नाहीत. वाचनात दहा आणले म्हणून लेखनातला सहा कुणी पोटात घालत नाही.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे. मोबाइलवरच्या ॲपवर रोज वीस मिनिटं फ्रेंच करते. सहा महिन्यांत परीक्षा देता येईल का? एका क्लासने ‘१२० दिवसांत एनसीएलसी ७’ अशी हमी दिली आहे.

त्या हमीवाल्यांना एकच विचार : १२० दिवस, पण दिवसाचे तास किती?

एनसीएलसी ७ म्हणजे ढोबळमानाने युरोपीय मोजपट्टीवरची बी-२ पातळी. शून्यापासून तिथवर जायला साधारण सहाशे तास लागतात. कुणाला पाचशे पुरतात, कुणाला आठशेही कमी पडतात. रोज दोन तास खरेखुरे बसलीस तर दहा-अकरा महिने झाले. वीस मिनिटांच्या हिशेबाने पाच वर्षं. ॲप चालू ठेव, शब्द डोक्यात राहतात, पण त्याला अभ्यास म्हणू नकोस. नोकरी सोडून दिवसाचे सहा तास बसणारे लोक चार-पाच महिन्यांत तिथे पोचलेले मी पाहिले आहेत. तुझ्या पत्रावरून तू नोकरी करतेस असं दिसतं, तेव्हा वर्ष धर.

मराठी माणसाला काही गोष्टी फुकटात मिळालेल्या असतात. वस्तूंना लिंग असतं हे ऐकून इंग्रजीतून शिकणारे हतबल होतात. आपण तीन लिंगं घेऊनच जन्माला येतो, त्यामुळे दोनांचं काय घेऊन बसलीस! विशेषण नामाप्रमाणे बदलतं, तेही अंगवळणी पडलेलं. ‘मी पत्र लिहिलं, मी चिठ्ठी लिहिली’ यात क्रियापद कर्माच्या मागे जातं. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं की भूतकाळात नेमकं असंच होतं, आणि बी-१ च्या वर्गात इतर सगळे तिथे अडखळत असताना मराठी मुलं सहज पुढे जातात. अनुनासिकांचीही भीती नाही. अडतो तो ओठ पुढे काढून ‘ई’ म्हटल्यासारखा येणारा स्वर. तो आरशासमोर उभं राहूनच येतो.

ऐकण्यासाठी पहिल्या तीन महिन्यांनंतर आरएफआय रेडिओच्या सोप्या फ्रेंच बातम्या सुरू कर. रोज दहा मिनिटांचं बातमीपत्र असतं आणि लिखित मजकूरही मिळतो. टीव्ही-सँक-माँदच्या शिकणाऱ्यांसाठीच्या साइटवर पातळीनुसार व्हिडिओ आहेत, तेही फुकट. पैसे खर्च करायचेच असतील तर लेखन तपासून देणाऱ्या माणसावर कर. ऐकणं-वाचणं एकटीने होतं. तुझ्या निबंधात लाल पेन फिरवायला मात्र दुसरा माणूस लागतो आणि बहुतेकांचा सहा तिथेच येतो.

प्रश्न : माझ्याकडे कॉलेजात असताना मिळवलेलं डेल्फ बी-२ प्रमाणपत्र आहे. ते आयुष्यभर चालतं असं ऐकलं. मग पुन्हा परीक्षा कशाला? आणि द्यायचीच असेल तर टेफ की टीसीएफ?

डेल्फ, म्हणजे फ्रेंच सरकारचं भाषाप्रमाणपत्र, आजन्म चालतं हे खरं, पण एक्सप्रेस एन्ट्रीत ते चालत नाही. तिथे दोनच परीक्षा मान्य आहेत : पॅरिसच्या चेंबर ऑफ कॉमर्सची टेफ कॅनडा आणि फ्रान्स एज्युकासियाँ ॲन्तरनासियोनालची टीसीएफ कॅनडा. दोन्हींचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य. प्रोफाइल भरताना तो ताजा हवा आणि आमंत्रण आल्यावर अर्ज पाठवतानाही. आमंत्रणानंतर हातात ६० दिवस असतात, त्यातच निकालाची मुदत संपली असं व्हायला नको. नावातला ‘कॅनडा’ हा शब्दही नीट बघा. साधी टीसीएफ किंवा टीसीएफ क्युबेक देऊन आलेले लोक मला दरवर्षी भेटतात.

तुमचं डेल्फ वाया गेलं असं समजू नका. पाया पक्का आहे, दोन-तीन महिन्यांत गंज निघेल.

दोन्हींतली निवड लेखन आणि बोलणं बघून करा. टीसीएफमध्ये लेखनाची तीन कामं साठ मिनिटांत : एक छोटा निरोप, एक अनुभवकथन, आणि दोन परस्परविरोधी मतं वाचून त्यावर स्वतःचं मत. बोलण्याची तीन कामं, सगळी मिळून बारा मिनिटं. लेखन आणि बोलण्यात वीसपैकी दहा पडले की एनसीएलसी ७. ऐकण्यात ४५८ आणि वाचनात ४५३ लागतात. टेफमध्ये लेखनाचे दोन भाग : एका बातमीची सुरुवात दिलेली असते, ती किमान ८० शब्दांत पुढे न्यायची, आणि वर्तमानपत्राला किमान २०० शब्दांचं पत्र लिहून एखाद्या विधानावर बाजू मांडायची. बोलणं पंधरा मिनिटं.

मी स्वतः मराठी विद्यार्थ्यांना बहुधा टेफकडे ढकलते, आणि त्याला कारण हे बोलणंच. पहिल्या पाच मिनिटांत एक जाहिरात देतात. तुम्ही फोन करून चौकशी करताय असं समजून परीक्षकाला प्रश्न विचारत राहायचे. माझ्याकडे एक इंजिनिअर होता, व्याकरण अगदी घोटीव. सरावाला मी शनिवार-रविवारच्या पोहण्याच्या वर्गाची जाहिरात दिली. त्याने फी विचारली, वेळ विचारली, पत्ता विचारला आणि ‘मेर्सी, ओ रव्वार’ म्हणून मोकळा. चाळीस सेकंद झाले होते. मी म्हटलं, अरे, खिशातून पैसे काढायच्या आधी तू खरंच एवढंच विचारतोस? मग सुटला : मधेच आजारी पडलो तर पैसे परत मिळतील का, एका गटात किती जण, शिकवणारा अनुभवी आहे का, पाणी गरम असतं का, आधी एक दिवस येऊन बघितलं तर चालेल का. चौकशी करण्यात आपल्या लोकांना कुणी हरवू शकत नाही. फक्त ते सगळं फ्रेंचमध्ये करायचं आहे हे एकदा मनाने घ्यावं लागतं.

पुढच्या दहा मिनिटांत परीक्षक तुमचा मित्र होतो. त्याला एखादी गोष्ट करायला पटवायचं, आणि तो हटकून आढेवेढे घेतो. इथे एक सापळा आहे. पहिल्या भागात अनोळखी माणसाशी ‘व्हू’, दुसऱ्या भागात मित्राशी ‘त्यू’. घाबरलेले विद्यार्थी मित्रालाही अहो-जाहो करत बसतात. आणि मित्राने ‘मला वेळ नाही’ म्हटलं की ‘बरं’ म्हणून गप्प बसतात. भांडा की त्याच्याशी! गुण त्या भांडणाचेच आहेत.

आलिऑन्स फ्रॉन्सेझ या फ्रेंच भाषासंस्थेच्या केंद्रांवर परीक्षेच्या तारखा पटापट भरतात, तेव्हा तयारी पूर्ण व्हायची वाट न बघता नोंदणीवर आधीपासून लक्ष ठेवा.

प्रश्न : माझी पत्नी शाळेत सात वर्षं फ्रेंच शिकवते. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, पगार माझा जास्त, म्हणून एजंटने मला मुख्य अर्जदार केलं. तिच्या फ्रेंचचे मला किती गुण मिळतील?

फार तर २०, आणि तेही तिची एकच भाषा धरून. ते जादा ५० गुण आणि फ्रेंच गट, दोन्ही फक्त मुख्य अर्जदाराच्या भाषेवर आहेत. पगार सीआरएसमध्ये कुठेच मोजत नाहीत.

अर्ज उलटा करा. मुख्य अर्जदार वहिनी, सोबत तुम्ही. फेडरल स्किल्ड वर्कर या एक्सप्रेस एन्ट्रीतल्या योजनेसाठी गेल्या दहा वर्षांत सलग एक वर्षाचं कुशल काम लागतं. शाळेतली शिक्षिका त्यात बसते. त्यांनी टेफ आणि आयईएल्टीएस दोन्ही द्यावं. आणि हे तुमच्या एजंटला सुचलं नाही याचं मला नवल वाटतं. तो कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टन्ट्सच्या यादीत आहे का ते पाहा. यादी सगळ्यांना ऑनलाइन बघता येते.

प्रश्न : माझा सख्खा भाऊ माँट्रियलला आहे. फ्रेंच शिकून एक्सप्रेस एन्ट्रीतून त्याच्याजवळ राहायला जाता येईल ना?

हा प्रश्न चार पत्रांत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. माँट्रियल येतं क्युबेक या फ्रेंचभाषक प्रांतात, आणि एक्सप्रेस एन्ट्री ही क्युबेक सोडून उरलेल्या कॅनडासाठी आहे. अर्ज करताना तुम्ही क्युबेकबाहेर राहणार असं सांगता. क्युबेक आपले कुशल कामगार स्वतः निवडतो. त्यासाठी आरिमा नावाचं वेगळं पोर्टल आहे, निकष वेगळे आहेत, आणि तिथे डेल्फही चालतं. माँट्रियललाच जायचं असेल तर तो रस्ता धरा. ‘आधी ओंटारिओ लिहू, मग गुपचूप भावाकडे जाऊ’ असा बेत असेल तर तो मनातच ठेवू नका, काढूनच टाका. अर्जात हेतू खोटा सांगणं अंगाशी येतं.

भाऊ नागरिक किंवा पीआर असेल तर त्याचे १५ गुण एक्सप्रेस एन्ट्रीत मिळतातच, तो माँट्रियलला असला तरी.

मग फ्रेंच येणारी माणसं क्युबेकबाहेर कशाला हवीत? कारण तिथे फ्रेंच बोलणाऱ्यांचं प्रमाण घटत चाललं आहे आणि सरकारला ते टिकवायचं आहे. क्युबेकबाहेर येणाऱ्या नव्या पीआरपैकी ४.४ टक्के फ्रेंचभाषक असावेत असं लक्ष्य २००३ मध्ये ठेवलं गेलं. ते पहिल्यांदा गाठलं गेलं २०२२ मध्ये. त्यानंतर लक्ष्य भराभर वाढवलं, २०२५ साठी ते साडेआठ टक्के होतं. तुमच्या ३७९ च्या कटऑफचं मूळ तिथे आहे.

न्यू ब्रुन्सविक हा एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत. तिथलं माँक्टन, ओंटारिओतलं सडबरी, विनिपेगमधलं सेंट बोनिफेस, इथे फ्रेंच शाळा आहेत, दवाखाने आहेत, रस्त्यावर फ्रेंच ऐकू येते. आणि माझं ओटावा! नदीचा पूल ओलांडला की पलीकडे गातिनो, म्हणजे क्युबेक. रोज सकाळी पुलावर दोन्ही बाजूंनी गर्दी असते. इथे सरकारी काउंटरवर ‘हॅलो, बोंजूर’ असं एका दमात म्हणतात आणि तुम्ही ज्या भाषेत उत्तर द्याल ती पुढे चालते. केंद्र सरकारच्या असंख्य जागा द्विभाषिक आहेत. त्यांची भाषापरीक्षा वेगळी, बऱ्याच पदांना ‘सीबीसी’ पातळी लागते : वाचनात सी, लेखनात बी, बोलण्यात सी. द्विभाषिक पदाचा वर्षाला ८०० डॉलरचा भत्ता मिळतो. ती रक्कम १९७० च्या दशकापासून तेवढीच आहे, त्यामुळे भत्त्यासाठी कुणी फ्रेंच शिकत नाही. पण बढती बहुतेक वेळा त्याच भाषेवर अडते. पीआर मिळाला की फ्रेंचची वही रद्दीत घालणारे लोक मला म्हणूनच खटकतात.

प्रश्न : एक जण म्हणतो, परीक्षेला न बसता टेफचा निकाल काढून देतो. अर्धे पैसे आधी.

नाही. निकाल थेट परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून पडताळला जाऊ शकतो. खोटी माहिती सापडली तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद, आणि पैसे गेले ते गेलेच.

प्रश्न : वय ४४. पदवीधर, वीस वर्षं बँकेत. इंग्रजी सीएलबी ९ येते. पत्नी पदवीधर. लोक हसतात. आता फ्रेंच शिकून काही उपयोग आहे का?

हसणाऱ्यांनी तक्ता पाहिलेला नाही. आपण पाहू.

पहिली पायरी फेडरल स्किल्ड वर्करच्या पात्रतेची, शंभरपैकी ६७ गुणांची. शिक्षणाचे २१, अनुभवाचे १५, इंग्रजीचे २४, वयाचे ३. झाले ६३, म्हणजे तुम्ही आज बाहेर आहात. दुसऱ्या भाषेत चारही पाच आले की ४ मिळतात आणि बरोबर ६७ होतात. पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला वयाचा एक गुण जातो, मग पुन्हा ६६.

दुसरी पायरी सीआरएस. वयाचे ५, पदवीचे ११२, इंग्रजीचे ११६, शिक्षण आणि अनुभवाच्या जोडगुणांचे ७५, पत्नीच्या पदवीचे ८. एकूण ३१६. फ्रेंचचे ६२ मिळवले की ३७८. मार्च २०२५ चा कटऑफ ३७९ होता. एका गुणाने हुकलात, आणि पंचेचाळीस झाल्यावर आणखी पाच कमी.

आता तुमच्या पत्रात नसलेली गोष्ट. पत्नीच्या इंग्रजीचा कुठेही उल्लेख नाही. त्यांनी आयईएल्टीएस देऊन सीएलबी ९ आणलं, म्हणजे ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७, तर सीआरएसमध्ये २० वाढतात. आणि ६७ च्या हिशेबात जोडीदाराच्या भाषेचे ५ मिळतात, त्याला तर सीएलबी ४ सुद्धा पुरतं. वाढदिवसाने नेलेला गुण तिथेच भरून निघाला. ३७८ चे ३९८ झाले, पंचेचाळिसाव्या वर्षी ३९३. ४८१ च्या ड्रॉमध्ये या गुणांचा उपयोग नाही, ३७९ च्या ड्रॉमध्ये आहे. खात्री कुणी देणार नाही.

दुसरी वाट फ्रान्कोफोन मोबिलिटीची. क्युबेकबाहेरचा मालक तयार असेल तर त्याच्या नोकरीवर एलएमआयएच्या (स्थानिक माणूस मिळत नाही हे सिद्ध करण्याच्या) कटकटीशिवाय वर्क परमिट मिळू शकतं आणि फ्रेंच फक्त ऐकण्या-बोलण्यात पाच लागते. ती पातळी तुम्हाला सातच्या वाटेवर मध्येच लागणार आहे, म्हणून मालक शोधणं त्याच वेळी सुरू करा. कॅनडात एक वर्ष काम झालं की अनुभवाचे गुण वेगळे जमा होतात.

पत्नीची परीक्षा मात्र तुमच्या फ्रेंचच्या पहिल्या धड्याआधी नोंदवा. वर्षभर तुम्ही रात्री क्रियापदं घोकत बसणार असाल तर त्यांचा निकाल काय येतो हे आधी कळलेलं बरं.